सिलिक्वा ओळखायची असेल तर चेहरा सगळ्यात शेवटी बघा

ऑनलाइन लिलावात "लेट रोमन सिल्व्हर" म्हणून एक लॉट घेतला, पाकिटातून चार-पाच पातळ चांदीची नाणी, म्हणजे सिलिक्वा, निघाली, आता ती कोणाची हे शोधायचंय. अशा वेळी जवळपास सगळे एकच करतात, मोबाइलवर फोटो काढतात, इमेज सर्चमधे टाकतात आणि जो चेहरा जुळला त्याचं नाव पाकिटावर लिहून मोकळे होतात. घोळ तिथेच होतो. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले सम्राट नाण्यावर एकजात सारखे दिसतात, तोंड उजवीकडे, केसांवर मोत्यांची पट्टी, खांद्यावर पिन लावलेला झगा, मोठे डोळे. व्हॅलेन्स आणि ग्रेशियन शेजारी ठेवून अक्षरं झाकली तर ओळखून दाखवा, पैज.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी वजन, मग धातू, मग कड, मग मागची बाजू, मग मागच्या बाजूची तळातली अक्षरं, त्यानंतर पुढचं नाव, आणि चेहरा शेवटी. हा लेख साधारण ३५५ ते ४२३ या काळातल्या सिलिक्वांपुरता आहे, म्हणजे कॉन्स्टान्शियस दुसरा याच्या शेवटच्या वर्षांपासून होनोरियसपर्यंत. बाजारात हीच नाणी जास्त दिसतात.

नाण्यावरची लॅटिन अक्षरं इथे मी उच्चाराप्रमाणे किंवा सुटी सुटी लिहितोय. नाण्यावर यू नसतो, त्याच्या जागी व्ही असतो, आणि ए ला बरेचदा मधली आडवी दांडी नसते, त्यामुळे तो उलट्या व्ही सारखा दिसतो. एवढं डोक्यात ठेवलं की वाचन निम्मं सोपं होतं.

## तयारी

सामान फार नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सराफी पॉकेट काटा, त्याच्यासोबत येणारं कॅलिब्रेशनचं वजन (ते फेकून देऊ नका), प्लास्टिकचा डिजिटल कॅलिपर, दहापट भिंग, एक टेबल लॅम्प आणि वही. कॅलिपर प्लास्टिकचाच घ्या, स्टीलच्या जबड्याने चांदीवर ओरखडा पडतो.

लॅम्प वरून नको, बाजूने, अगदी आडवा प्रकाश पडेल असा ठेवा आणि नाणं हळूहळू गोल फिरवत बघा. झिजलेलं अक्षर एका कोनात अजिबात दिसत नाही आणि जरा फिरवलं की एकदम उठून येतं. फोटोसुद्धा असेच काढा, प्रत्येक बाजूचे दोन-तीन, प्रकाशाची दिशा बदलून.

सावधान: ओळखायच्या आधी साफ करू नका. टूथपेस्ट, चिंच, सिल्व्हर डिप, ॲल्युमिनियम फॉइल, घरातली समई घासायचा एकही उपाय इथे नको. दीड हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून स्फटिकासारखी होऊन ठिसूळ झालेली असू शकते, बोटांनी जरा वाकली तरी तुकडा पडतो. त्यामुळे टेबलावर आपटून खणखणीत वाजतंय का बघणं हा प्रकारही बंद. कडेने धरा, खाली मऊ कापड अंथरा.

## टप्पा १: वजन आणि व्यास

काटा आधी कॅलिब्रेट करा, पंखा बंद करा, मग तीनदा वजन घ्या आणि मधला आकडा लिहा.

या काळातली रोमन चांदी एका रोमन पौंडातून (साधारण ३२५ ग्रॅम) ठरावीक संख्येने पाडायचे, म्हणून वजनावरून नाण्याचा प्रकार कळतो. पौंडाला ६० म्हणजे जड मिलियारेन्स, सुमारे ५.४ ग्रॅम. ७२ म्हणजे हलकी मिलियारेन्स, ४.५ ग्रॅम. ९६ म्हणजे ३.४ ग्रॅम, यात डायोक्लिशनने साधारण २९४ मधे काढलेला अर्जेंटियस येतो आणि नंतरची जुनी, जड सिलिक्वाही येते. ३५५ नंतरच्या काही वर्षांत सिलिक्वा हलकी झाली, पौंडाला १४४, म्हणजे कागदावर २.२५ ग्रॅम, प्रत्यक्ष हातात येते ती बहुधा १.८ ते २.२ ची. होनोरियसच्या काळात ती दीड ग्रॅमच्या आसपासही सापडते. व्यास १७-१८ मिलिमीटर.

मग तुमचं नाणं ३.३ ग्रॅमचं असेल आणि लिलाववाल्याने त्याला ज्युलियनची साधी सिलिक्वा म्हटलं असेल तर तिथेच थांबून विचार करायला हवा. आणि १ ग्रॅमचं असेल तर लगेच "अर्धी सिलिक्वा" म्हणून नाचू नका. अर्ध्या सिलिक्वा असतात, पण कमी मिळतात, आणि १ ग्रॅमची बहुतेक नाणी पूर्ण सिलिक्वाच असतात, फक्त कडेने कातरलेली. ते टप्पा ३ मधे.

## टप्पा २: धातू

हा टप्पा लोक गाळतात कारण "चांदीसारखं दिसतंय की". तिसऱ्या शतकाच्या शेवटाची आणि चौथ्या शतकाच्या सुरुवातीची कितीतरी तांब्याची नाणी वरून चांदीचा पातळ मुलामा देऊन पाडलेली आहेत, आणि काहींवर तो अजून टिकलाय. भिंगातून नाण्याचे उंच भाग बघा, नाक, गाल, अक्षरांच्या कडा. तिथे तपकिरी किंवा लालसर धातू डोकावत असेल तर आत तांबं आहे. डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट असेल तर हे नाणं आपल्या काळाच्या आधीचं आहे, बाजूला ठेवा.

धातू आधी ठरवण्याचं खरं कारण वेगळंच आहे. एकच मजकूर चांदीवर, तांब्यावर आणि सोन्यावरही येतो. "उर्ब्स रोमा" असं शोधलं की समोर येतात ती लांडगी आणि दोन बाळांची छोटी तांब्याची नाणी, ३३० च्या दशकातली. चांदीच्या उर्ब्स रोमाशी त्यांचा काही संबंध नाही. "विक्टोरिया" सोन्याच्या सॉलिडसवर आहे, माळेतली "व्होत" ची अक्षरं किडूकमिडूक तांब्यावर आहेत. धातू नक्की नसेल तर पुढचा सगळा शोध भलत्याच दिशेला जातो.

पाण्यात बुडवून विशिष्ट गुरुत्व काढायची टूम बऱ्याच जणांना माहीत असते, म्हणून तिच्याबद्दल जरा. चांदीचं गुरुत्व १०.५, तांब्याचं ८.९ च्या आसपास. २ ग्रॅमचं चांदीचं नाणं साधारण ०.१९ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. आता तुमचा काटा ०.०१ चा, म्हणजे आकडा ०.१८ किंवा ०.२० सुद्धा येऊ शकतो, मग उत्तर ११.१ पासून १० पर्यंत कुठेही. मुलाम्याचं नाणं ०.२२ च्या आसपास पाणी सारेल. दोऱ्याला चिकटलेला एक बुडबुडा हा सगळा फरक खाऊन टाकतो. ०.००१ चा काटा असेल तरच हे करा, आणि भेगा असलेलं नाणं पाण्यात टाकूच नका.

## टप्पा ३: कड

भिंग घ्या आणि नाणं आडवं धरून पूर्ण कड फिरवून बघा. यात पाच मिनिटं गेली तरी चालतील.

नैसर्गिक कड थोडी गोलसर, कुठे कुठे बारीक चिरलेली, वाकडीतिकडी असते. कातरलेली कड वेगळी दिसते, छोट्या छोट्या सरळ तुकड्यांनी बनलेली, प्रत्येक तुकडा सपाट, कात्रीच्या एका चापात कापल्यासारखा. अक्षरांची वरची अर्धी डोकी उडालेली असतात, ठिपक्यांची बाहेरची गोल रेघ गायब असते, आणि चेहरा मात्र शाबूत. चेहऱ्याला कातरणारे हात लावत नव्हते. असं कातरण मुख्यतः ब्रिटनमधलं, पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं, नवीन नाणी यायची थांबल्यानंतरचं. सफकमधल्या हॉक्सन इथे १९९२ मधे सापडलेल्या साठ्यात १४ हजारांवर सिलिक्वा होत्या आणि त्यातल्या बहुतेक अशाच कातरलेल्या.

अर्धी सिलिक्वा की कातरलेली पूर्ण, हे आता कळतं. अर्ध्या सिलिक्वेवर सगळं छोटं असतं, चेहरा लहान, अक्षरं बारीक आणि ती पूर्ण. कातरलेल्यावर चेहरा मोठा आणि नाण्यात मावत नसल्यासारखा दिसतो.

याच टप्प्यात खोटं नाणं पकडा. कडेवरून मधोमध गोल फिरणारी बारीक शिवण, किंवा ती घासून काढल्याच्या एकसारख्या रेघा, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि फोड, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, ही साच्यात ओतलेल्या नाण्याची लक्षणं. एकाच लॉटमधल्या दोन नाण्यांवर तोच चरा आणि तीच फाटलेली कड दिसली तर विषय संपला. उलट, अक्षरं चुकीची किंवा भलत्या क्रमाने असतील तर ते आजचं बनावट आहे असं लगेच धरू नका, त्या काळातच स्थानिक लोकांनी पाडलेल्या नकला भरपूर आहेत आणि त्या गोळा करणारेही आहेत.

तपासा: पुढे जायच्या आधी वहीत चार गोष्टी हव्यात, वजन, व्यास, धातू, कड कातरलेली आहे का. एक जरी राहिली असेल तर मागे जा.

## टप्पा ४: मागची बाजू, चित्र

आता नाणं उलटा. पुढची बाजू अजून वाचायची नाही, मोह होतो, पण नाही.

दोन मोठे गट करा, माळेत मजकूर आहे की बसलेली किंवा उभी आकृती आहे.

माळेतला मजकूर म्हणजे सम्राटाने फेडलेले आणि पुढे घेतलेले नवस. "व्होत पाच मुल्त दहा" म्हणजे पाच वर्षांचे फेडले, दहापर्यंतचे घेतले. आकडे रोमन. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्या आकड्यावरून थेट वर्ष काढणं. ज्युलियन सीझर (म्हणजे सम्राटाच्या हाताखालचा उपसम्राट) झाला ३५५ च्या नोव्हेंबरात आणि मेला ३६३ च्या जूनमधे, आठ वर्षंही झाली नाहीत, तरी त्याच्या नाण्यांवर "व्होत दहा मुल्त वीस" आहे. नवस आगाऊ साजरे व्हायचे. दुसरं म्हणजे मोजणी सीझर झाल्यापासून असू शकते, कॉन्स्टान्शियस दुसऱ्याच्या नाण्यावर तीस-चाळीस दिसतात कारण तो ३२४ पासून सीझर होता. म्हणजे या आकड्यांनी उमेदवार कमी होतात, तारीख मिळत नाही.

आकृतीचा गट जास्त गोंधळाचा. शिरस्त्राण घालून बसलेली बाई म्हणजे रोमा, मजकूर "उर्ब्स रोमा" किंवा "व्हर्तुस रोमानोरुम". तिच्या हातात काय आहे ते बघा, गोलावर उभी छोटी विजयदेवी की नुसता गोल. ती कशावर बसलीय तेही बघा, पाठ असलेल्या सिंहासनावर की चिलखतावर. चिलखत ओळखायला सोपं, बैठकीखाली माणसाच्या धडासारखा फुगीर आकार दिसतो. हे बारकावे वाटतात, पण सूचीत (नाण्यांच्या कॅटलॉगमधे, टप्पा ८ बघा) त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात. बाईच्या हातात फळांनी भरलेलं शिंग असेल आणि मजकूर "कॉन्कॉर्डिया" असेल तर ती रोमा नाही, कॉन्स्टँटिनोपल नगरी आहे.

मजकुराच्या शेवटी ए-व्ही नंतर किती जी आहेत ते मोजा. तीन जी म्हणजे तीन सहसम्राट. चार दिसले तर जागे व्हा, टप्पा ६ मधे येतंय.

## टप्पा ५: तळातली अक्षरं

चित्राच्या खाली आडवी रेघ असते, तिच्याखाली (किंवा माळेच्या खाली) टांकसाळीची खूण. यातून सगळ्यात जास्त माहिती मिळते आणि कातरण्यात सगळ्यात आधी जातं तेही हेच, काय करणार.

शेवटी पी-एस असेल तर ती शुद्ध केलेल्या चांदीची खूण. सोन्यावर त्याच जागी ओ-बी येतं. पी-एस ची पद्धत साधारण ३६७ नंतरची, म्हणून टी-आर-पी-एस दिसलं की कॉन्स्टान्शियस दुसरा, ज्युलियन, जोव्हियन तिघेही यादीतून बाद. नुसत्या चार अक्षरांत तीन सम्राट उडतात. पण उलटं धरू नका, पी-एस नाही म्हणजे चांदी नाही असं नसतं.

टी-आर म्हणजे ट्रियर. एल-व्ही-जी ल्योन. ए-क्यू अक्विलेया. एम-डी मिलान. आर आणि पुढे एखादं अक्षर म्हणजे रोम. एस-आय-एस सिस्किया, एस-आय-आर-एम सिर्मियम, टी-ई-एस थेस्सलोनिका, ए-एन-टी अँटिऑक.

आता सापळा. सी-ओ-एन दिसलं की सगळे कॉन्स्टँटिनोपल लिहितात. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहराला तेव्हा कॉन्स्टँटिना असं नाव दिलं होतं आणि तिथली टांकसाळही सी-ओ-एन किंवा सी-ओ-एन-एस-टी वापरायची. आधी पी, एस किंवा टी हे एक सुटं अक्षर आणि मग सी-ओ-एन, तर आर्ल. कॉन्स्टँटिनोपलचं शाखेचं (टांकसाळीतल्या विभागाचं) अक्षर नंतर येतं आणि ग्रीक असतं, चांदीवर बरेचदा नुसता सी, ठिपका आणि अक्षर. कॉन्स्टान्शियसची आणि ज्युलियनची आर्लची सिलिक्वा बाजारात भरपूर आहे, त्यामुळे ही चूक रोज दिसते.

सावधान: खूण कातरली गेली असेल तर "बहुधा ट्रियर" असं लिहायचा मोह टाळा. एम-डी-पी-एस चं फक्त पी-एस उरलं तर ते ट्रियर, मिलान, अक्विलेया, ल्योन काहीही असू शकतं.

## टप्पा ६: पुढची बाजू, नाव

आता वाचा. खांद्यापाशी डावीकडे खालून सुरुवात, घड्याळाच्या दिशेने. सुरुवातीला बहुधा डी-एन, म्हणजे "आमचे स्वामी", शेवटी पी-एफ-ए-व्ही-जी. मधलं ते नाव. मजकूर डोक्यावर कुठे तुटतो तेही लिहा, किंवा सलग आहे का, कारण सूचीत त्यानेही नोंद बदलते.

नावं सोपी, गोंधळ नावांच्या जोड्यांचा.

व्हॅलेंटिनियन पहिला की दुसरा? नावामागे आय-व्ही-एन, म्हणजे धाकटा, असेल तर दुसरा. नसेल तर मागची बाजू बघा, "व्हर्तुस रोमानोरुम" असेल तर दुसराच, कारण पहिला ३७५ मधे गेला आणि हा मजकूर सिलिक्वेवर त्याच्यानंतर आला.

कॉन्स्टान्शियस हे नाव असूनही डोकं उघडं, मोत्यांची पट्टी नाही आणि पदवीत सी-ए-ई-एस? मग हा सम्राट नाही, सीझर आहे, बहुधा गॅलस, ३५१ ते ३५४.

कॉन्स्टंटाइन वाचलं की लोकांना एकदम "द ग्रेट" दिसतो आणि किंमतही तशीच लावली जाते. मागे विक्टोरिया, चार जी आणि सिलिक्वेचं हलकं वजन असेल तर हा कॉन्स्टंटाइन तिसरा, ब्रिटनमधून उठलेला दावेदार, ४०७ ते ४११. थोरल्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी. गंमत म्हणजे हा तिसरा दुर्मिळ आहे, त्यामुळे चुकीच्या नावाखाली स्वस्तात गेला तर विकणाऱ्याचंच नुकसान.

मॅग्नस मॅक्सिमसच्या नावात एम-ए-जी येतं आणि कातरलेल्या नाण्यावर कधी कधी तेवढंच उरतं, पुरतं तेवढं.

## टप्पा ७: चेहरा

आता बघा. उपयोग एवढाच की आधीच्या निष्कर्षाला तो विरोध करतोय का. दाढी असेल तर बहुधा ज्युलियन (नंतरची नाणी, सुरुवातीला तोही दाढीशिवाय आहे) किंवा युजीनियस, ३९२ ते ३९४. बाकी बहुतेक सगळे सफाचट. दाढी दिसतेय आणि नाव ग्रेशियन वाचलंय तर पुन्हा टप्पा ६.

## टप्पा ८: सूचीतला क्रमांक

रोमन इम्पीरियल कॉइनेज, म्हणजे आरआयसी, त्याचा खंड ८ हा ३३७ ते ३६४, खंड ९ हा ३६४ ते ३९५, खंड १० हा ३९५ ते ४९१. खंड विकत घ्यायची गरज नाही, ओसीआरई या ऑनलाइन डेटाबेसमधे हा सगळा काळ आहे. तिथेही फिल्टर याच क्रमाने लावा, आधी धातू आणि टांकसाळ, मग मागचं चित्र, शेवटी सम्राट.

खंड ८ आणि ९ मधे क्रमांक प्रत्येक टांकसाळीला पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे "आरआयसी ९, क्रमांक २७" याला काही अर्थ नाही, "आरआयसी ९, ट्रियर २७ई" याला आहे. शेवटचं अक्षर सम्राट आणि त्याच्या मजकुराचं. आणि कधी कधी एकच नाणं दोन क्रमांकांत बसतं, व्हॅलेन्सची ट्रियरची उर्ब्स रोमा विक्रेते सर्रास "२७ई किंवा ४५बी" अशी लिहितात. हट्टाने एक निवडू नका, दोन्ही लिहा.

## टप्पा ९: पाकिटावर काय लिहायचं

जे दिसलं ते आणि जे अंदाजाने धरलं ते वेगळं ठेवा. कुठून घेतलं, कधी घेतलं, पावती, लिलावाचा फोटो, सगळं सोबत.

मूळ कुठलं हे सांगताना जरा जपून. "सांगलीकडे शेतात सापडलं" अशी गोष्ट सांगून कोणी सिलिक्वा विकत असेल तर सावध व्हा. भारतात सापडलेली रोमन चांदी मुख्यतः पहिल्या शतकातली, ऑगस्टस-टायबेरियसचे देनारियस, आणि चौथ्या-पाचव्या शतकाची दक्षिणेत मिळणारी रोमन नाणी बहुतेक तांब्याची. शिवाय १०० वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, बाहेरून मागवलेलं असलं तरी परत परदेशात विकायला पाठवता येत नाही. आणि इंग्लंडमधे राहणारे जे लोक मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जातात त्यांच्यासाठी, एकाच जागी दोन किंवा जास्त चांदीच्या सिलिक्वा मिळाल्या तर तो कायद्याने खजिना आहे, १४ दिवसांत कळवावं लागतं. घरी नेऊन धुवायच्या आधी.

पाकिटावरची नोंद अशी दिसली तर काम झालं: "सिलिक्वा, कातरलेली, १.३१ ग्रॅम, १४ मिमी. पुढे डी-एन ... डियस पी-एफ ... (आर्केडियस धरलंय). मागे व्हर्तुस ..., रोमा डावीकडे तोंड करून चिलखतावर, गोलावर विजयदेवी. खूण ..पी-एस, टांकसाळ अनिश्चित. चांदी भिंगाने पाहिली, गुरुत्व घेतलेलं नाही."